वीतभर उंच केलेली गाडी

गाडी उंच करायचा हुकूम नेमेसिया इपुआनाचाच होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक तिच्या भाच्याला शिव्या घालतील, आणि त्याला शिव्या घालायचा हक्क फक्त तिचा.

झालं होतं असं, की मागच्या वर्षी खाजणातून जाताना तिची गाडी पोटावर बसली. आमच्या ग्वाहिरा किनाऱ्यावरची खाजणं अशीच लबाड. वर मिठाचा कडक पापुद्रा, खाली नुसतं लोणी. गाडी काढली कोणी? खाजणापलीकडच्या कासिल्दा एपिएयूच्या चार गाढवांनी. तेव्हापासून विहिरीवर म्हणू नका, बाजारात म्हणू नका, जिथे चार बायका जमतील तिथे कासिल्दा सांगायची, "नेमेसियाच्या गाडीला चार चाकं आणि सोळा पाय!"

आणि आता कासिल्दाचीच आई गेली. मर्तिकाला जायलाच हवं. न गेलं तर दोन घराण्यांत वैर. पण या खेपेला आपल्याच गाडीतून, ताठ मानेने तिच्या अंगणात उतरायचं, असं नेमेसियाने ठरवलं.

"युक्लिदेस, हिचं पोट जमिनीला लागता कामा नये," तिने भाच्याला बजावलं. "आणि तुझंही जरा आत घे."

युक्लिदेस चाळिशीचा बाप्या, गाडी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. निरोप आला त्याच सकाळी तो गाडीखाली शिरला. धक्के झेलणारे स्प्रिंगचे पाटे बदलले, जाड टायर चढवले, मिठाने पत्रा खाऊ नये म्हणून खालून जळक्या ऑइलचा हात फिरवला. पाण्यात इंजिन गुदमरू नये म्हणून हवेची नळी छपरापर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी वीतभर वर उभी राहिली, लग्नातल्या नवऱ्यासारखी फुगून.

नेमेसियाने दार उघडलं. बैठक तिच्या छातीला लागली.

"पायरी कुठाय?"

"काढली, मावशी. खडकाला अडकते."

"आणि मी कुठे अडकायचं?"

"उचलून बसवतो की."

"मी काय बोकड आहे? मर्तिकाला द्यायचे बोकड मागे बांधलेत, दोन. तिसरा मिशा ठेवून पुढे उभा आहे."

शेवटी स्वयंपाकातलं स्टूल आणलं. पायघोळ झगा एका हाताने आवरत, गुडघ्याच्या नावाने बोटं मोडत ती चढली. स्टूल पायाशी घेतलं. उतरताना लागणारच.

खाजणाच्या काठावर ती म्हणाली, "टायरातली हवा काढ."

"मावशी, नवे टायर आहेत."

"नवे असले तरी गोलच ना? काढ हवा. पसरट पाय बुडत नाही, बदकाला विचार."

त्याने ऐकलं नाही. शंभर हात गेला असेल-नसेल, मागचं चाक गपकन आत. नव्या उंचीमुळे पोट तेवढं वर राहिलं. युक्लिदेसने खाली उतरून आधी चारी टायरांतली हवा सोडली. मग जॅक लावला, तर जॅकच चिखलात जायला लागला. त्याच्याखाली द्यायला फळी नाही, दगड नाही. समोर टेकाडापलीकडे कासिल्दाच्या घरचा धूर दिसत होता. आता मदत मागायची म्हणजे कोणाला बोलवायचं, हे सांगायला नको. लांब कानांच्या त्या चौघांना.

नेमेसियाने स्टुलाकडे पाहिलं. स्टुलाने जणू तिच्याकडे पाहिलं.

"हे घे," ती म्हणाली. "घाल खाली."

"मग तुम्ही उतरणार कशा?"

"आधी पोचू तर दे."

स्टुलावर जॅक उभा राहिला, चाक उचललं गेलं. युक्लिदेसने चाकाखाली झुडपं कोंबली. जॅक निघाला, पण स्टूल गळ्यापर्यंत रुतलं. उपसत बसायला सवड नव्हती. गाडी पलीकडच्या कोरड्या वाळूवर थांबली तेव्हाच युक्लिदेसने श्वास सोडला.

कासिल्दाच्या अंगणात सगळी घराणी जमलेली. मांडवाखाली शवपेटी, भोवती तोंडावर ओढणी घेऊन रडणाऱ्या बाया. इंजिनचा आवाज आला तसा रडण्याचा सूर जरा उतरला. बघायचं होतं ना.

कासिल्दा पुढे आली. मान मागे टाकून वर बघावं लागलं तिला. नेमेसियाला ते बघून फार बरं वाटलं, पण क्षणभरच.

"आलीस, नेमेसिया. ये, उतर."

नेमेसियाने दार उघडून पाय बाहेर सोडले, पण पुढे हलली नाही. उडी मारावी तर झगा डोक्यावर आणि गुडघा वैद्याकडे. भाच्याने कडेवर घ्यावं तर त्याहून मरण परवडलं, पेटी तयारच होती.

कासिल्दाने दाराखाली पायरी नव्हती तिथे पाहिलं, झग्याखालच्या लोंबत्या पायांकडे पाहिलं, आणि तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांत जुनी चमक आली.

"अस्सं! चढवलं, पण उतरवायचं विसरले. थांब, माझ्याकडे औषध आहे."

तिने स्वतः जाऊन दोर धरून आणलं ते गाढव. चौघांतलं थोरलं, डाव्या कानाला चीर असलेलं. गाडीच्या दाराशी आडवं उभं केलं.

नेमेसियाने गाढवाकडे पाहिलं. पाठ नेमकी बैठकीच्या उंचीला होती. तिने झगा सावरला, सरकली आणि गाढवावर बसली, पण खाली उतरलीच नाही. पाठ ताठ, हात मांडीवर.

"माझी आजी मर्तिकाला अशीच जायची," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुझ्या आईलाही हेच आवडलं असतं, कासिल्दा. यंत्रातून उतरून रडणं तिला कधी पटलं नाही."

म्हाताऱ्या बायांनी माना डोलावल्या. खरंच, जुनी रीत. अशी आठवण आता कोणाला राहते?

कासिल्दाच्या हातात दोर होता. एवढ्या लोकांसमोर तो टाकता येईना. तिने दात आवळले आणि मांडवाकडे चालू लागली.

"हळू ने," मागून नेमेसिया म्हणाली. "याला पाटे नाहीत."