घटाआधीचं धुणं

घट बसायला तीन-चार दिवस उरले की आमच्या शिवाजी पेठेत एकही वाकळ घरात राहत नाही. गादीच्या खोळी, चादरी, सतरंज्या, सगळं गठुळं बांधून पंचगंगेवर. अंथरूण-पांघरूण धुतल्याशिवाय घट बसवायचा नाही, ही रीत. तीस वर्षं मी हे धुणं धोपटलं. फक्त एकदा एक पांघरूण सोडलं, आणि ते माझ्या जिवाला लागून राहिलं.

ती रजई ऋतुराजची, माझ्या मुलाची. जर्मनीतली नोकरी सोडून परत आला, तेव्हा बदकाच्या पिसांची ही रजई घेऊन आला. "कोल्हापुरात पिसांची रजई म्हणजे म्हशीला स्वेटर," मी म्हणाले. पण पठ्ठ्या पंखा पाचवर करून तीच अंगावर घ्यायचा. त्या वर्षी मी ती धुण्याला काढली तर म्हणाला, "आई, ही नदीला न्यायची न्हाई. धोपटलीस तर पार लगदा हुईल." एवढं धूड कोण उचलणार, म्हणून मीही सोडली. पुढच्या श्रावणात तो हायवेवर अपघातात गेला. सव्वीस वर्षांचा होता.

माझ्या थोरल्या जाऊबाई, धोंडुबाई, तोंडाच्या फटकळ. भेटायला आलेल्या बायकांत बसून म्हणाल्या, "देवीच्या घरात पारोसं पांघरूण ठेवलंतीस की गं." मी त्यांना नाही नाही ते बोलले. पण काटा रुतला तो रुतलाच.

दहाव्याला सुतक फिटताना घरातलं सगळं धुतात. मी तेव्हा दवाखान्यात सलाईनवर होते. मालकांचा हात धरून सांगितलं, "सगळं धुवा, रजई तेवढी ठेवा. तिला त्याचा वास हाय." मालक म्हणजे माझे यजमान उदयसिंह, जन्म शिरोलीच्या फौंड्रीत गेलेला माणूस. त्यांनी नुसती मान हलवली. आठवड्यानं मी घरी आले, तर रजई कपाटात होती. तिच्यात नाक खुपसलं आणि माझं पोर मला सापडलं. घाम, खोबरेल आणि त्याच्या फुटबॉलच्या मैदानाची माती.

वर्षभर मी तेवढ्यावर जगले. रोज दुपारी कपाट उघडायचं, घडी न मोडता रजईत तोंड घालून पोटभर रडायचं आणि मग चहा ठेवायचा. मी कपाटाकडं निघाले की मालक चपला घालून बाहेर पडायचे. मला संताप यायचा. पोराचा वास नको असणारा हा कसला बाप?

गेल्या वर्षी घट नव्हता, यंदा बसवायचा होता. जयसिंगपूरला दिलेली माझी लेक पूर्णिमा सातव्या महिन्यात आहे. एकदा चुकले ते चुकले, आता तिच्या जिवाशी खेळ नको, असं मनाशी ठरवलं. मालक घटाची माती आणायला गेले आणि मी रजई गच्चीवर ओढत नेली. टबात घालण्याआधी शेवटचं हुंगलं. किती वेळ, ते सांगत नाही.

धोपटायची नाही, पिळायची नाही, कोमट पाणी आणि थोडा शाम्पू, असं मोबाईलवर बघून ठेवलं होतं. पण रजई बुडेल तर शपथ! एक टोक दाबावं तर दुसरं फुगून वर. शेवटी आत उतरून पायानं दाबत राहिले. पाणी मातकट आलं, बदललं, पुन्हा आलं. मधेच पायाला एक गोळा लागला. पिसांची गुठळी असेल म्हणून चोळला, तो सुटेना. चाचपून बघितलं तर तिथली शिवण वेगळी. जाड दोरा, दाभणाचे टाके, पोतं शिवतात तसे. जर्मनीत दाभण कुठलं? मी टाके उसवले. ओल्या पिसांबरोबर निळं कापड हातात आलं. ऋतुराजची सरावाची जर्सी, फेसानं भरलेली.

तेवढ्यात मालक जिन्यातून वर आले. हातातली मातीची पिशवी खाली पडून माती सांडली.

"भिजवलीस व्हय?" एवढंच म्हणाले आणि त्या मातीशेजारीच खाली बसले.

"ही आत कशी?" मी ओरडले.

"दहाव्याला मी सुद्धीत न्हवतो गं. घाटावर गठुळं सोडलं आणि दिसंल ते धोपटत सुटलो. पिसं पाण्यावर तरंगाय लागली तवा ध्यानात आलं, ही रजई. घरी आणून वाळवली, तर निस्ता ओल्या कोंबडीचा वास. आन तू तिकडं रोज इचारत हुतीस, रजई हाय न्हवं म्हणून. मग त्याच्या मैदानाच्या पिशवीत ही जर्सी घावली. धुतलेली न्हवती. आत घालून शिवून टाकली."

म्हणजे रजई वर्षापूर्वीच धुऊन झाली होती. मी आज धुतली ती जर्सी. माझ्याच पायांनी, तीन पाण्यांतून. कुणावर तरी राग काढायलाच हवा होता, आणि समोर तेच होते.

"मला सांगायचं न्हाई? एवढं हुतं तुमच्यापाशी, आणि एकदा तरी जवळ घेतलीसा का? मी कपाट उघडलं की तुम्ही बाहेर! एकदा तरी वास घेतलासा पोराचा?"

"न्हाई घेतला." ते जर्सीकडंच बघत होते. "हुंगून हुंगून वास सरतोय. तुला पुराय पायजे हुता."

मी टबातून बाहेर आले, त्यांच्याशेजारी बसले आणि जर्सी त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी ती फेसासकट तोंडाला लावली आणि मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. पाणी त्यांच्या मनगटांवरून घटाच्या मातीवर गळत होतं. नुसता शाम्पूचा वास येत होता, तो मलाही येत होता. तरी ते जर्सी तोंडावरून काढेनात, आणि मीही काढा म्हटलं नाही.