नितेशच्या खिशातली काच

मी काचेची पट्टी बोलतेय. प्रयोगशाळेत मला स्लाइड म्हणतात. लांबीला बोटाएवढी, जाडीला नखाएवढी. माझ्या एका टोकाला धुरकट पट्टा आहे, त्यावर पेन्सिलीने 'न-१७' लिहिलंय. मधोमध मसुराच्या डाळीएवढा मांसाचा एक पापुद्रा चिकटलाय. तो वरूडच्या नितेशच्या अंगातला. त्याच्यापायी एक संसार मोडता मोडता राहिला, की मोडून पुन्हा उभा राहिला, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

खोक्यात आम्ही पन्नास जणी होतो, एकमेकींना चिकटून. अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत ते खोकं उघडलं. बहुतेक बहिणींच्या वाट्याला रक्ताचा एक थेंब, दोन मिनिटांचं पाहणं आणि मग बादली आली. मला उचललं डॉक्टर जुईलीने.

जुईली पेशी तपासते. पण तपासण्यांचं काम उरकलं की ती एका वेगळ्याच प्रश्नामागे लागते. पुरुषाच्या अंडकोषात एका साध्या गोल पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू कसा घडतो? त्या वाटेवर कोणतं जनुक केव्हा जागं होतं? ज्यांच्यात ही वाट मध्येच बंद पडते त्यांचे नमुने ती त्यांच्या संमतीने जपून ठेवायची. नितेशचाही तिच्याकडे होता.

नितेश आणि आचल यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. घरची संत्र्याची बाग, खाऊनपिऊन सुखी माणसं. फक्त मूल नव्हतं. सात वर्षं आचलच्या तपासण्या झाल्या. तिची सोनोग्राफी, तिची औषधं, तिचे उपास. नितेशची तपासणी करावी असं कोणालाच सुचलं नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईने हट्टच धरला, म्हणून तो आला. शुक्राणू शून्य निघाले. मग अंडकोषातला मांसाचा तुकडा काढून तपासला. अहवालात लिहिलं होतं : पेशींची वाढ अर्ध्यावर थांबलेली, शुक्राणू नाहीत. नितेशने तो कागद आठ घड्या घालून खिशात टाकला आणि घरी सांगितलं, "काई नाई, अजून रिपोट यायचा हाय."

चार महिने तो तेच सांगत राहिला.

एके दिवशी जुईलीने नितेशच्या नमुन्याची, मेणात बसवून ठेवलेली वडी काढली. पहिल्या वेळी वरवरचा काप घेतला होता. तिने खोलवर जाऊन नवा काप घेतला. तो पापुद्रा कोमट पाण्यावर पसरला, तेव्हा तिने मला पाण्यात तिरकं धरलं आणि अलगद त्याच्याखाली सरकवलं. तेव्हापासून तो माझ्या अंगावर आहे.

मग तिने माझ्यावर एक द्राव सोडला. शुक्राणू घडताना अगदी शेवटी लागणारं एक जनुक जिथे जागं झालं असेल, नेमका तिथेच तो चिकटतो आणि तपकिरी रंग धरतो. बाकी सगळं निळं राहतं. जुईलीने मला सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. खालून दिवा लागला. तिने श्वास धरलाय हे मला कळलं, कारण वरच्या भिंगावर तिच्या श्वासाची वाफ येईना.

शुक्राणू ज्यांत घडतात अशा ऐंशीएक बारीक नळ्या पापुद्र्यात आडव्या कापल्या गेल्या होत्या, गोल गोल. पहिली निळी. दुसरी निळी. ती ओळीने मोजत गेली. वीस झाल्या, चाळीस झाल्या, साठ झाल्या. सगळ्या निळ्या. तिचा हात सैल पडला. तिने मला कडेपर्यंत सरकवलं, आणि तिथे, अगदी काठावर, दोन नळ्या तपकिरी होत्या.

"सीमा! इकडे ये!" ती ओरडली. शेजारच्या टेबलावरची सीमा धावत आली. "बघ, हा माझा भ्रम आहे का?"

सीमाने भिंगाला डोळा लावला. "नाही मॅडम. रंग चढलाय."

दुसऱ्या दिवशी जुईलीने बोलावलं म्हणून नितेश आला. तोंडावर मास्क, टोपी कपाळापर्यंत ओढलेली. इथे येणारी बाई आपलं नाव मोठ्याने सांगते. पुरुष पुटपुटतो, आणि आधी मागे वळून बघतो.

जुईली त्याला म्हणाली, "तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एकच पोथी असते. डोळ्यात तीच, कातडीत तीच. पण प्रत्येक पेशी आपल्या कामाचीच पानं उघडते. शुक्राणू घडवायची बरीचशी पानं फक्त इथेच उघडतात, तीही क्रमाने. आधी पेशी वाढवायची, मग पोथी अर्धी करायची, मग शेपटी, आणि शेवटी सगळी पोथी आवळून बांधायची. एकदा बांधली की काहीच वाचता येत नाही. म्हणून शेवटचा मजकूर आधीच उतरवून ठेवावा लागतो. तुमच्या बहुतेक नळ्यांत मधलीच पानं उघडत नाहीत. पेशी तिथेच थांबते."

नितेशने टोपी मागे सारली. "संत्र्याले आमी पानी तोडून ताण देतो," तो म्हणाला. "मंग पानी सोडलं की झाड फूल धरते. ताण बसला नाई त झाड हिरवंगार राह्यते, पन बहार नाई. तसंच का?"

"बरंचसं तसंच. फक्त इथे तो ताण देण्याचं औषध माझ्याकडे नाही." तिने माझ्याकडे बोट केलं. "पण या दोन नळ्यांत पानं शेवटपर्यंत उघडलीत. म्हणजे आत कुठेतरी शुक्राणू असू शकतो. अकोल्याला डॉक्टर स्वानंद आहेत, ते ऑपरेशन करून सूक्ष्मदर्शकाखाली अशा नळ्या शोधून काढतात. मी वचन देत नाही. अर्ध्याहून जास्त वेळा हाती काहीच लागत नाही."

तिने मला प्लास्टिकच्या डबीत घातलं, सोबत चिठ्ठी दिली. डबी नितेशच्या शर्टाच्या खिशात गेली. त्याच्या छातीचे ठोके मला मोर्शीमार्गे वरूडपर्यंत ऐकू येत होते.

तो घरी पोचला तेव्हा दुपार होती. ओसरीवर त्याचे वडील जानराव, आई सुभद्रा आणि मोर्शीहून आलेली आत्या गोदाबाई बसली होती. गोदाबाईने एक स्थळ आणलं होतं. आचल स्वयंपाकघरात होती. दार उघडंच होतं.

"पोरगी बारावी शिकेल हाय," गोदाबाई सांगत होती. "तिच्या घरच्यायले पयली बायको असली तरी चालते. आठ वर्सं झाले, दादा. अजून काहून वाट पाहून राह्यले तुमी?"

"आचलले काय सांगाव?" सुभद्रा हळूच म्हणाली.

"तिले काय सांगाचं? तिले दिसत नाई का?"

जानरावांनी नितेशकडे पाहिलं. "तूच बोल बावा. संसार तुया हाय."

त्याचा हात खिशावर आला. माझ्यावर आला. छातीतले ठोके इतके जोरात पडत होते की डबीत मी खुळखुळत होते. वाटलं, हा आताही म्हणेल, रिपोट यायचा हाय. हात खाली गेला. तेवढ्यात आचल चहा घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलेलं होतं. तरी ट्रे सरळ धरलेला होता, एक थेंब बशीत सांडला नव्हता. तिने पहिला कप गोदाबाईपुढे धरला.

नितेशने मला बाहेर काढलं आणि ट्रेमध्ये, कपांच्या मधोमध ठेवलं.

"हे काय?" जानराव म्हणाले.

"माह्या अंगाचा तुकडा हाय. दोष माह्यात हाय, बाबा. आचलमदी काईच नाई. दुसरी करा, तिसरी करा, काई होनार नाई."

गोदाबाईचा हात कपापाशीच राहिला. सुभद्राने पदर तोंडाला लावला. मी मात्र आचलकडे पाहत होते. मला वाटलं, तिचा चेहरा आता मोकळा होईल. झाला नाही.

"तुमाले कधीपासून माईत हाय?" तिने विचारलं.

"चार महिने."

"चार महिने," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात मी आठ दिवस निस्त्या पान्यावर होती. तवाबी माईत होतं?"

आचलने ट्रे ओसरीवर ठेवला, मला बोटांनी बाजूला सारलं, आणि ती आत गेली. त्या संध्याकाळी तिने बॅग भरली आणि भावाला फोन केला. तीन आठवडे ती माहेरी होती. मी कपाटात, घडीच्या शर्टांवर पडून होते. नितेश रोज फोन लावायचा, ती उचलायची नाही. शेवटी त्याने अकोल्याची तारीख मेसेजने कळवली.

ती तारीख आली त्या पहाटे ती आपणहून बसस्टँडवर उभी होती. नितेश काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "तुमच्यासाठी नाई आली. सात वर्सं मले तपासलं. आता मले माह्या डोळ्यानं पाह्याचं हाय."

अकोल्यात डॉक्टर स्वानंदांनी मला भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. "दोनच नळ्या," ते म्हणाले. "पण आहेत." नितेशला आत नेलं. मला शेजारच्या खोलीत टेबलावर ठेवलं. ऑपरेशनच्या खोलीतून एकेक चिमूट नळ्या बशीत यायच्या. तिथे आशाबाई नावाच्या तज्ज्ञ बाई त्या सुईने फोडून थेंब थेंब तपासायच्या.

दहा वाजले होते. पहिली बशी कोरी. दुसरी कोरी. अकरा वाजता त्या म्हणाल्या, "काही नाही." बारा वाजताही तेच. काचेच्या दारापलीकडे बाकावर आचल बसली होती. शेजारी सोबत आलेली सुभद्रा, दोघींत एका माणसाची जागा सोडलेली.

एक वाजता डॉक्टर आत डोकावले. "अजून एक जागा पाहतो. मग बंद."

शेवटची बशी आली. आशाबाईंनी पाच थेंब पाहिले. सहावा पाहिला. सातव्यावर त्यांचा हात थांबला. मग त्या इतक्या हळू बोलल्या, जणू मोठ्याने बोललं तर तो पळून जाईल. "आहे. शेपटी हलतेय."

तासाभरात एकूण पाच सापडले. हलणारे त्यातले दोनच. आशाबाईंनी दार उघडून आचलला आत बोलावलं आणि भिंगापाशी उभं केलं. आचलने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"इतकुसा?" ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि बाहेर जाऊन सुभद्राच्या शेजारी बसली. मधली जागा सोडली नाही.

यापुढचं सांगणं सोपं नाही. पाचही शुक्राणू प्लास्टिकच्या दोन बारीक नळ्यांत गोठवले. पहिल्या नळीतल्या शुक्राणूपासून आणि आचलच्या बीजापासून गर्भ तयार झाला, पण रुजला नाही. त्या दिवशी नितेश जुईलीपुढे बसून ढसाढसा रडला, मास्क न लावता. दुसरी नळी अकोल्यात गोठलेलीच आहे. ती कधी वापरायची, वापरायची की नाही, हे आचल ठरवणार आहे. घरात आता कोणी तिला घाई करत नाही. गोदाबाईसुद्धा नाही.

मी पुन्हा अमरावतीला आले. जुईलीच्या लाकडी खणात उभी असते, 'न-१६' आणि 'न-१८' यांच्या मधे. माझा निळा रंग थोडा विरलाय. तपकिरी अजून पक्का आहे. मधली पानं का उघडत नाहीत, ते जुईलीला अजून कळलेलं नाही. ती मोजतेच आहे.

मागच्या आठवड्यात नितेश आला तो एकटा नव्हता. सोबत त्याच्या शिवेला लागून बाग असलेला बंडू होता. बंडूच्या बायकोला सहा वर्षं औषधं चालू होती. बंडू दारातच अडला. "मले काय झालं? मी त चांगला धडधाकट हाय," तो म्हणाला.

"मीबी होतो," नितेश म्हणाला. "नाव सांग आपलं. मोठ्यानं."

बंडूने मागे पाहिलं. रांगेत आठ-दहा माणसं होती. त्याने घसा खाकरला आणि नाव सांगितलं.

जुईलीने खोक्यातून एक कोरी काच काढली. माझ्याच जातीची, अजून काही न पाहिलेली. तिच्यावर काय उमटेल ते मला माहीत नाही, बंडूलाही नाही. तुमच्याही घरात अशीच कुणी बाई उपास धरून बसली असेल, तर माझं एवढं ऐका. तिला पुढची गोळी देण्याआधी तिच्या नवऱ्याला इथे पाठवा. आणि अहवाल हातात आला की त्याला म्हणावं, खिशात ठेवू नकोस.