लागोपाठ दोघं आले तर

कट्ट्यावर मला सगळे कात्री म्हणतात. नाव मीच घेतलेलं, पण चिकटलं ते माझ्या गुणांमुळे. कट्टा म्हणजे इंटरनेटवरची आमची जागा. जगभरातले प्रोग्रॅमर तिथे आपलं अडलेलं गाडं घेऊन येतात आणि ज्याला येतं तो ढकलून देतो. उत्तर चांगलं असलं की गुण मिळतात, गुण साठले की दुसऱ्यांचे प्रश्न बंद करायचा अधिकार मिळतो. अकरा वर्षांत मी किती प्रश्न कापले, देव जाणे. अर्धवट प्रश्न, आळशी प्रश्न, शंभरदा विचारून झालेले प्रश्न. प्रश्न कसा विचारावा याचे नियम मीच लिहिलेत, आणि ते पहिल्या पानावर लावलेले आहेत.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी जी शोभा झाली ती नीट कळेल.

शनिवारी दुपारी धाकटी नणंद दारात उभी राहिली. आमचं फारसं पटत नाही. अठरा वर्षांत तिने माझ्या घरात पाऊल टाकलं आणि एकही डबा जागचा हलवला नाही, असं झालेलं नाही. पण त्या दिवशी ती स्वयंपाकघराकडे वळलीच नाही. चपला न काढता सोफ्यावर बसली आणि रडायला लागली.

"वहिनी, मी नाव टाकलं होतं गं. दोनदा टाकलं होतं."

ती डायलिसिस केंद्रात कारकून आहे. रोज सकाळी तिथला प्रोग्रॅम रुग्णांची मोठी यादी चाळतो, आज ज्यांची पाळी आहे त्यांची नावं काढून एका कागदावर छापतो, आणि तो कागद घेऊन ड्रायव्हर एकेकाला घरून घेऊन येतो. नर्सकडेही तोच कागद. मंगळवारी एका आजोबांचं नाव त्यावर आलं नाही. नणंदेला सगळे तोंडपाठ, तिच्या लगेच लक्षात आलं, आणि तिने धावपळ करून त्यांना दुपारी आणवलं. मग आपल्या हातून काही राहिलं असेल म्हणून त्यांची नोंद पुसून नव्याने केली, तीनदा तपासली. गुरुवारी ती डोळे तपासायला म्हणून रजेवर होती. गुरुवारीही नाव आलं नाही. नाव नाही म्हणजे पाळी नाही, असं धरून कोणी विचारलंही नाही. आजोबा दोन तास खाली जिन्यापाशी उभे होते. संध्याकाळी त्यांना धाप लागली, छातीत पाणी भरलं, आणि दवाखान्यात ठेवावं लागलं.

"व्यवस्थापक म्हणतात, प्रोग्रॅम दोन वर्षं बिनचूक चाललाय, चूक तुमचीच. सोमवारी दहाला बोलावलंय. पत्र टाइप करून ठेवलंय, मी पाहिलं."

"नोकरीचं बघू आपण," मी म्हणाले.

"नोकरी गेली खड्ड्यात! आज आजोबांना दवाखान्यातून सोडलं, पुतण्याने थेट केंद्रात आणलं. मी नेहमीसारखी त्यांच्या खुर्चीपाशी गेले तर तोंड फिरवलं त्यांनी. म्हणाले, विसरलीस ना मला? दोन वर्षं वहिनी, दोन वर्षं मी त्यांना हात धरून गाडीतून उतरवतेय."

तिने प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर आणला होता. कुण्या कंत्राटदाराने लिहिलेला, गबाळा, पण वाचता येण्यासारखा. मी वाचला. पुन्हा वाचला. तारखा बरोबर, वार बरोबर, छपाई बरोबर. यादी चाळून नावं काढायचं काम दहा ओळींत उरकलं होतं, आणि त्या दहा ओळी तर पाहताक्षणी ओळखीच्या वाटल्या. असंच करायचं असतं, म्हणून मी पुढे गेले. चार वाजेपर्यंत माझं डोकं उठलं. एव्हाना नणंद स्वयंपाकघरात शिरली होती आणि डबे हलवल्याचे आवाज येत होते.

आता कट्ट्यावर विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण कात्री म्हणून कशी विचारणार? बारा हजार उत्तरं दिलेली बाई, आणि विचारतेय काय, तर यादीतून नाव गळतंय! लोकांनी पोट धरून हसायचं. मी नवीन खातं उघडलं, बिननावाचं, शून्य गुणांचं, आणि प्रश्न टाकला.

चार मिनिटांत बंद! "प्रश्न अपुरा. पाहा: कात्रीचे नियम, कलम दोन."

बरं. कलम दोन म्हणजे चूक दाखवणारा लहानात लहान नमुना द्यायचा, बाकीचा पसारा काढून टाकायचा. मी सगळं छाटलं, त्या दहा ओळी ठेवल्या, तीन खोटी नावं घातली, मधल्याची पाळी आज आहे असं धरलं आणि चालवून पाहिलं. मधलं नाव नेमकं कागदावर आलं. चूक दिसेचना. तरी दिला तोच नमुना. वेळ कुठे होता?

"तुमच्याच नमुन्यात चूक दिसत नाही. आमचा वेळ का घालवता?" प्रश्न बंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, एक माणूस मरता मरता वाचलाय! मी तसं लिहिलंही, तर एक दीडशहाणा उत्तरतो, "भावनिक मजकूर टाळा. कलम पाच." कलम पाच मी एका संध्याकाळी चहा पिता पिता लिहिलं होतं, फार मजा आली होती लिहिताना.

"वहिनी, साखर इथे का ठेवतेस? मुंग्या लागतील."

"लागू देत!" मी इतक्या जोरात ओरडले की ती चमचा हातात घेऊन बाहेर आली. मग गुपचूप कप माझ्यासमोर ठेवून शेजारी बसली.

तिसऱ्यांदा प्रश्न टाकला. कलमवार, सभ्य, नाक मुठीत धरून. या वेळी दोन मिनिटंही लागली नाहीत. "आधीच विचारलेला प्रश्न. हे उत्तर वाच. आधी कात्रीला वाचलं असतंस तर ही वेळ आली नसती." खाली दुवा.

दुवा माझ्याच उत्तराचा होता. नऊ वर्षांपूर्वीचं. यादी चाळता चाळता हवी ती नोंद उचलायची, यादीतून काढायची आणि पुढे जायचं, दहा ओळींत. योग्य उत्तराची हिरवी खूण, अडीच हजार मतं. तेव्हा कुठे कळलं की कंत्राटदाराच्या त्या दहा ओळी ओळखीच्या का वाटल्या. त्याने माझ्या उत्तरातून उतरवून घेतल्या होत्या, अगदी माझी एक विचित्र मोकळी ओळसुद्धा. खोटं कशाला सांगू, मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, चला, निदान एवढा भाग तरी पक्का आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

उत्तराखाली बारीक अक्षरात होतं, आणखी सात टिप्पण्या. कोणी उघडत नाही त्या. मी उघडल्या.

पाच जणांनी आभार मानले होते. सहाव्याचं नाव 'शिकतोय'. त्याने लिहिलं होतं, "ताई, लागोपाठच्या दोन नोंदी काढायच्या असल्या तर दुसरी सुटते असं मला दिसतंय. माझं काही चुकतंय का?"

सातवी टिप्पणी माझी. "चुकतंय. प्रश्न पुन्हा वाच. असे दोघं लागोपाठ येत नाहीत. आणि उत्तराखाली शंका विचारायच्या नसतात, कलम सात."

मी नणंदेकडे वळले. "आजोबांच्या आधी यादीत कोण आहे?"

"यादी रस्त्याप्रमाणे आहे ना. त्यांच्या वर मागच्या गल्लीतल्या एक बाई आहेत. मंगळवारपासून यायला लागल्यात."

"त्यांचे वार?"

"आजोबांचेच. एरवी यादीत लागोपाठच्या दोघांना आम्ही वेगवेगळे वार देतो, पण या दोघांना मीच एका दिवशी घातलं. ते एकटेच असतात ना, गाडीत सोबत होईल म्हणून."

मी कागद घेतला आणि तिला काढून दाखवलं, खरं म्हणजे स्वतःलाच दाखवलं. रांगेत माणसं बसलीयत. तू एकेकापुढे जाऊन विचारतेस, आज तुमची पाळी आहे का? पहिल्या खुर्चीतल्या बाई हो म्हणतात आणि उठून जातात. मागचे सगळे एकेक खुर्ची पुढे सरकतात, आजोबा पहिल्या खुर्चीत येतात. पण तू मात्र दुसऱ्या खुर्चीकडे गेलेली असतेस. तिथे आता आजोबांच्या मागचा बसलाय. आजोबांना कोणी विचारतच नाही.

"मग मागून सुरुवात करायची," नणंद म्हणाली. "शेवटच्यापासून. म्हणजे कोणी उठलं तरी ज्यांना विचारायचंय ते जागचे हलत नाहीत."

ही बाई उभ्या जन्मात प्रोग्रॅमच्या वाटेला गेलेली नाही. मी कपाळावर हात मारला. दुरुस्ती तीच होती, एका ओळीची.

'शिकतोय'चं पान उघडलं. त्या एका टिप्पणीशिवाय त्याने कट्ट्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. शेवटची भेट त्याच दिवशीची, नऊ वर्षांपूर्वीची. मी त्याला निरोप लिहिला. तो कधी वाचेल असं वाटत नाही.

उत्तर पुसून टाकावं असं फार वाटलं. पण हिरवी खूण मिळालेलं उत्तर पुसता येत नाही, आणि त्या नियमासाठी कोण भांडलं होतं ते सांगायला नकोच. शिवाय पुसलं असतं तर सोमवारी दाखवलं काय असतं? मग कात्रीच्या खात्यात गेले आणि उत्तराच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: हे उत्तर चुकीचं आहे. दोघं लागोपाठ आले तर दुसरा सुटतो. हे मला नऊ वर्षांपूर्वी 'शिकतोय' यांनी सांगितलं होतं. मी त्यांना गप्प केलं. खाली योग्य कोड दिला आहे.

जेवायच्या वेळेपर्यंत खाली चाळीस जणांनी बोंब ठोकली होती. कात्रीचं खातं कोणी चोरलं का, असंही एकाने विचारलं.

सोमवारी दहाला आम्ही दोघी व्यवस्थापकांच्या खोलीत. पत्र खरंच टेबलावर होतं, वर पेपरवेट. त्यांनी कंत्राटदाराला फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. कंत्राटदाराने आम्हाला उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशा चार गोष्टी ऐकवल्या. "अहो, ती पद्धत जगन्मान्य आहे. अडीच हजार मतं आहेत त्या उत्तराला. ते चूक म्हणणाऱ्या ह्या बाई कोण?"

"ज्या बाईंनी ते लिहिलं त्या," मी म्हणाले. "आता जरा ते पान पुन्हा उघडा."

पलीकडून कळफलक बडवल्याचा आवाज आला. मग व्यवस्थापकांनी स्वतःच दोन खोटी नावं एकाखाली एक टाकून कागद छापला. एकच नाव आलं. पुन्हा छापला. तेच. त्यांनी पत्राच्या चार चिंध्या केल्या आणि नणंदेला म्हणाले, "माझं चुकलं." मग मला विचारलं, "हे उत्तर आणखी कोणी कोणी उतरवून घेतलं असेल हो?" ते पान अकरा लाख वेळा पाहिलं गेलंय. मी त्यांना एवढंच म्हणाले की बरेच असतील.

बाहेर आल्यावर मला वाटलं, सुटलो. मी रिक्षा शोधायला लागले.

"कुठे निघालीस?" नणंदेने माझा दंड धरला. "खरं काम अजून राहिलंय. त्यांना तू सांगायचं. मी सांगितलं तर म्हणतील, सबबी सांगतेय."

तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजोबांनी साखळी न काढता दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. मी चष्मा पुसत पुसत सगळं सांगितलं, खुर्च्या, उठून गेलेल्या बाई, पुढे सरकलेली रांग. ते मध्येच थांबवून एकेक गोष्ट पुन्हा विचारत होते. दमलेले दिसत होते, पण डोकं लख्ख होतं.

"म्हणजे हिने माझं नाव घातलं होतं."

"दोनदा. आणि त्या बाईंना तुमच्या दिवशी घातलं ते तुम्हाला गाडीत सोबत व्हावी म्हणून."

त्यांनी साखळी चाचपली.

"आणि हे असं होतं, हे इतक्या वर्षांत कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हणाले. "एकाने मला सांगितलं होतं. मी त्याला उडवून लावलं."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत तिच्या कानावर माझ्या तोंडून असलं काही पडलेलं नव्हतं. मला वाटलं आता टोमणा येणार. आला नाही.

आजोबांनी दार लोटलं. साखळी निघाल्याचा आवाज आला आणि दार पूर्ण उघडलं. ते मला ओलांडून तिच्याकडे बघत होते.

"उद्या किती वाजता खाली उभा राहू गं?"

"खाली नाही उभं राहायचं," नणंद म्हणाली. "मी वर येते ना न्यायला."