बोटाला बोलणारा पडदा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण मला नुसतं टायपिंगचं यंत्र समजू नका हं! माझ्या पडद्याला बोट लावलं की मी माणसासारखा बोलायचो. सांगलीतल्या सुमंतरावांच्या स्टुडिओत माझी जुळणी झाली. लग्नाच्या कॅसेटवर फिरती नावं टाकण्यात त्या स्टुडिओचा हात धरणारं कुणी नव्हतं. शहाण्णव साली साताऱ्याच्या प्रदर्शनासाठी त्यांनी माझ्या पडद्यावर सातारा-सांगलीचा नकाशा रंगवला. ज्या गावाला बोट लावाल, तिथला माणूस आपल्या गावाची ओळख करून देणार, अशी ती करामत होती.

आष्ट्यासाठी निवृत्त सुभेदार लालासाहेब आले. माईकसमोर ताठ बसले आणि म्हणाले, "राम राम! आमचं गाव आष्टा. आलाय तर च्या पिऊनच जावा. घरात आमची बनू हाय."

"सुभेदार, घरच्यांचं नाव गाळूया का? पुन्हा बोलता?" सुमंतरावांनी विचारलं.

"राहू द्या हो," ग्राफिक्स करणाऱ्या पद्माताई हसल्या. "किती गोड बोलले!"

प्रदर्शनात माझा काय थाट होता म्हणून सांगू! पोरं माझ्यापुढून हलायची नाहीत. मग प्रदर्शन संपलं, मी सांगलीला परतलो, आणि पुढच्या वर्षी लालासाहेब वारले.

त्यांचा आवाज माझ्यात आहे असं कळल्यावर एके दिवशी त्यांची बायको बनुबाई पत्ता शोधत स्टुडिओत आली. पद्माताईंनी तिचं बोट आष्ट्यावर टेकवलं. 'आमची बनू' ऐकलं मात्र, तिनं तोंडाला पदर लावला.

"उभ्या जन्मात मला नावानं हाक मारली न्हाई वं त्येंनी. आमच्यात नवराबायकू नाव घेत न्हाईत."

मग दर बाजाराच्या दिवशी ती एसटीने यायची. मीही तिची वाट बघायला लागलो. "हा आवाज सीडीवर उतरवून ठेवा," सुमंतराव सांगायचे. "उद्या करते," पद्माताई म्हणायच्या. तो उद्या काही उजाडला नाही.

खंडेनवमीला स्टुडिओत यंत्रांची पूजा होती. बनुबाई मुद्दाम आली. तिनं मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि कुणी अडवायच्या आत त्याचं पाणी भक्तिभावाने माझ्या डोक्यावर ओतलं. मळ्यातल्या इंजिनावर ती दरवर्षी तसंच ओतायची. पण मी चालू होतो हो! आत चटचट ठिणग्या उडाल्या आणि तो आवाज जिच्यात होता, ती डिस्कच जळाली.

"आगं बया! माज्यामुळं झालं का?"

"नाही मावशी, यंत्रच जुनं झालं होतं," पद्माताई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन रडल्या.

पुढच्या बाजाराला बनुबाई आलीच. नकाशात आष्टा जिथं असायचं, तिथं काळ्या काचेवर तिनं बोट ठेवलं. एकदाच बोलता यावं म्हणून माझा जीव तुटत होता. तिनं इकडंतिकडं पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. मग लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, ते घेतलं.

"लालासाहेब, च्या ठेवलाय. कवा येताय?"

मित्रांनो, आता मी कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून असतो. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो, लाडका आवाज दोन ठिकाणी जपून ठेवा, ते काम उद्यावर ढकलू नका. आणि आपल्या माणसाला, त्याला ऐकू येतंय तोवर, नावानं हाक मारा. बनुबाईची हाक ऐकायला तिथं मी एकटाच होतो.