कमलाकरची बाजू

'कमलाकर दाराशीच थांबला. शरयूकडे त्याने पाहिले आणि काही न बोलता—'

"परत काही न बोलता!" ठमाबाईनं हातातला बोंबील काठीवर आपटला. "मुका मेला. पान्यात ढकला त्याला."

तुळशी वाचायची थांबली. अठ्ठावन्न साली आमच्या खळ्यावर वाचता येणारी ती एकटीच. मुंबईहून जुनं मासिक आलं की ती कादंबरीचं प्रकरण वाचायची. आम्ही बोंबील वाळत घालायचो आणि कमलाकरला शिव्या. शरयूनं त्या गाणाऱ्या अरविंदाशीच लग्न करावं, हे सगळ्यांचं ठरलेलं.

आमच्यातल्या राहीचंही ठरलेलं. अनंताशी सुपारी फुटली होती. अनंता गातो. घरची होडी.

'—काही न बोलता तिची छत्री उघडून दिली. बोटीच्या नुसत्या नावाने त्याच्या पोटात—'

"बोटीला भितो! ह्यो नवरा?" राहीची आई वेणूबाई हसली.

"भितो तर भितो."

राही बोलली होती. सगळ्या वळल्या.

"गानं म्हनून दाखवनारे लय हायेत, आये. ह्याला लाँचमदी उलटी होते, तरी येतो. सगळे नाकाला पदर लावून सरकतात, आनि ह्यो पाटी मांडीवर घेतो. म्हावऱ्याची! दिवसभर कापडं वास मारतात त्याची, दुकानात लोक हसतात—"

थांबली. उशिरा.

तुळशीनं पान उलटून बघितलं. परत मागचं पान.

"गो राही," ठमाबाई हळूच म्हणाली, "शरयू पुन्याच्या बामनाची पोर. तिच्या डोक्यावर म्हावऱ्याची पाटी कवा आली?"

कुणी हललं नाही. कावळा आला, समोरचा बोंबील उचलून गेला. कुणी हाकललं नाही.

"कोन?" वेणूबाईनं विचारलं.

"काळूराम. पोयनाडकडचा. भातवाल्यांचा."

"सुपारी फुटलीय, राही."

"व्हय."

वेणूबाई बसली. खाली न बघता, ओल्या बोंबलांच्या ढिगावरच.

दुसऱ्या दिवशी राहीची पाटी वेणूबाईनं स्वतःच्या डोक्यावर घेतली. माझी पाटी घेऊन मी मागं. रेवसला मुंबईच्या लाँचमध्ये चढलो तसे लोक सरकले. नेहमीचंच.

एक जण सरकला नाही. चेहरा पांढराफटक, कठडा घट्ट धरलेला. आधी त्यानं पाटी ओळखली, मग खालचा चेहरा बघितला. राही नव्हती.

लाँच हलली. त्यानं कठडा सोडला आणि काही न बोलता पाटीला दोन्ही हात लावले.

वेणूबाईनं पाटी सोडली नाही.

त्यानंही.