एक डोळा मिटून

लेकीच्या तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी स्नायू ओढून डोळा सरळ केला, आल्यागेल्याने कौतुक केलं, मावशीने तर हौसेने आरसा आणून दिला. पण मी पडलो सुतार. केसाइतका बाकही माझ्या नजरेतून सुटत नाही. डोळा पुन्हा नाकाकडे सरकतोय, हे मला चार दिवसांपासून दिसत होतं. बायकोला सांगितलं तर ती फणकारली, "तुम्हाला मेलं सगळंच वाकडं दिसतं." मग मी तोंड शिवून बसलो.

आज सकाळी लेकीला मांडीवर आडवी घेतली. आधी थेंब घालताना ती हातपाय झाडायची, लाथा मारायची. आता निमूट पडून राहते, शहाण्यासारखी. त्याचाच जास्त राग येतो. थेंब घातले, पुसले आणि टॉर्च धरून पाहिलं.

"सरळ आहे ना, बाबा?"

"एकदम सरळ."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मग एक डोळा मिटून का बघताय? फळी टाकून देण्याआधी तुम्ही असंच बघता."