नाक्यावरची खिडकी

"आ करा," सिस्टर म्हणाली.

लंबूने तोंड उघडले. सिस्टरने खिडकीतून मान बाहेर काढून तोंडात पाहिले, त्याला जीभ उचलायला लावली, दोन्ही गाल तपासले.

"आता बोला."

"काय बोलू?"

"काहीही. काल काय झालं ते सांगा."

"गिरणीला टाळं लागलं," लंबू म्हणाला.

मी आत कपाटापाशी उभा होतो. आमच्या दवाखान्याचा कंपाउंडर मीच. गिरणी बंद पडणार हे सहा महिने सगळे म्हणत होते, पण तिथेच कामाला असलेल्या लंबूच्या तोंडून ऐकल्यावर ती खरोखर बंद पडली असे वाटले. सिस्टरने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

क्षयाच्या रोग्याला सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, अंगावर मांस चढते, आणि माणसाला वाटते झालो बरा. तो गोळ्या सोडतो. पुन्हा आजारी पडतो तेव्हा त्याच गोळ्या त्याला जुमानत नाहीत. म्हणून आमच्याकडे गोळी खिडकीपाशी, सिस्टरच्या डोळ्यांदेखत गिळायची असे. गोळी गालात दडवणारे बहाद्दर असतात, पण गोळी दडवून धड बोलता येत नाही असा सिस्टरचा सिद्धांत होता. म्हणून गिळल्यावर प्रत्येकाने तिच्याशी चार वाक्ये बोलायचीच. त्यामुळे कुणाची सून रुसली, कुणाचे छप्पर गळते, सगळी खबर तिला. माघारी लोक तिला 'आ-करा' म्हणत. तिला ते माहीत होते आणि मनातून आवडतही असावे.

माझे सांगायचे तर सगळी नोकरी मी हाताची घडी, तोंडावर बोट अशी केली. निवृत्तीला आठ महिने उरले होते. वरून कागद आला की वाचायचा, सही करायची, फाईलला लावायचा.

गिरणीपाठोपाठ दोन लहान कारखाने बसले आणि महिन्याभरात आम्हाला काटकसरीचा कागद आला. खिडकी बंद. रोग्यांना दरमहा मिळणारी दुधाच्या भुकटीची आणि डाळीची पाकिटे 'तूर्त स्थगित'. औषधांचे डबे रोग्यांच्या घरी देऊन टाकावेत. सिस्टरची नेमणूक मुख्य कार्यालयात, कागद लावायला. आग लागल्यावर विहीर खणणारे मी पाहिले होते, आग लागल्यावर आहे ती विहीर बुजवणारे पहिल्यांदाच पाहिले. हे मी मनात म्हटले. मोठ्याने म्हटले असते तर ही गोष्ट माझी झाली असती.

सिस्टरला चिंता लंबूची होती. बाकीचे घरी नेऊन घेतील न घेतील, पण लंबूने आधी दोनदा गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. ही तिसरी खेप. चार महिने झाले होते, दोन उरले होते. आता सुटल्या तर कपाटात त्याच्यासाठी काही नव्हते, हे तिने त्याला स्वच्छ सांगितले होते. घर एका खोलीचे. तिथे बायको आणि तीन वर्षांची मुलगी, तिघे एकाच अंथरुणावर झोपणारी. तो पडला तर एकटा पडणार नव्हता.

आमच्याकडे प्रत्येक रोग्याचे सहा महिन्यांचे औषध एकाच डब्यात येते आणि डब्यावर त्याचे नाव असते. सिस्टरने आदेश अक्षरशः पाळला. चौदाही जणांना बोलावून ज्याचा डबा त्याच्या हातात दिला, पोचपावत्या घेतल्या. मग म्हणाली, आता डबा तुमचा. घरी न्यायचा की माझ्याकडे ठेवायला द्यायचा, ते तुम्ही ठरवा. तिघांनी घरी नेला. अकरा जणांनी परत तिच्या हातात दिला. ते अकरा डबे तिने कापडी पिशवीत भरले आणि निघाली.

गिरणीतून सुटलेली माणसे पहाटे सहाला नाक्यावर उभी राहत. साताला मुकादम टेम्पो घेऊन यायचा, हव्या त्यांना निवडून बांधकामावर न्यायचा. सिस्टरचे नवे ऑफिस दहाला उघडायचे. मधला वेळ तिचा स्वतःचा होता. अकरांपैकी चौघे नाक्यावर उभे राहत, उरलेल्या सातांची घरे वाटेवर. तिने हिशोब असा बसवला.

पण पहिल्याच दिवशी ती चुकली. ती पांढऱ्या गणवेशात गेली. तीस वर्षांची सवय, गणवेश नसेल तर आपल्यापुढे कोण तोंड उघडणार असे तिला वाटले. त्या दिवशी मुकादम लवकर आला होता. हातात चहाचा पेला घेऊन तो कोण कोण आ करतो ते बघत उभा राहिला. साताला त्याने माणसे उचलली, त्या चौघांना सोडून. लंबू तर दोन गोण्या एका दमात वाहणारा. सिस्टरने मुकादमाला समजावले की इतके महिने औषध घेतलेल्या माणसाकडून रोग पसरत नाही, औषध सोडलेल्याकडून पसरतो. मुकादम म्हणाला, ते तुम्ही शिकलेल्यांनी बोलावं, मला माझी माणसं सांभाळायची आहेत.

दुसऱ्या दिवशी लंबू नाक्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभा राहिला. तिने हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, भाऊ, माझ्याबरोबर चला, मला एकटीला जायची लाज वाटते. तीस वर्षांत तिने मला कशासाठीही सोबत मागितली नव्हती. मी चपला घातल्या.

लंबू दारातच बसला होता. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिले आणि मग तोंड फिरवून म्हणाली, "ताई, तुम्ही भलं करायला गेलात, पण आमच्या अन्नात माती कालवली गेली."

लंबू हळू आवाजात बोलला. रागाने बोलला असता तर बरे झाले असते.

"गोळी घेतली की काम जातं. काम गेलं की चूल नाही. आणि उपाशीपोटी ती गोळी पोटात राहत नाही, उलटून पडते. तुम्हीच सांगा सिस्टर, मी कुठनं सुरुवात करू?"

सिस्टर म्हणाली, "चूक माझी आहे. गणवेशात यायला नको होतं. उद्याची गोळी घरी आणून देते, परवा नाक्यावर या. परवा मुकादमाला काही कळणार नाही, ही माझी जबाबदारी."

मग पिशवीतून त्याचा डबा काढला आणि तिथेच त्याला गोळ्या घ्यायला लावल्या. त्याने आ केला तशी त्याच्या मांडीवरच्या पोरीनेही केला. तिच्या आईला हसू आवरेना, आणि घरातला ताण जरा सैल झाला.

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून सिस्टरने लिमलेटच्या गोळ्यांची अख्खी बरणी विकत घेतली. मला वाटले, बाईचे डोके फिरले.

ठरल्या दिवशी मीही नाक्यावर गेलो. का गेलो ते विचारू नका. सिस्टर साध्या कपड्यांत होती. साठेक माणसे होती. तिने टोकापासून सुरुवात केली. प्रत्येकापुढे थांबायचे, आ करा म्हणायचे, मुठीतून काहीतरी तोंडात टाकायचे, वर पाण्याचा घोट. साठातल्या चौघांच्या तोंडात औषध, छप्पन्न जणांच्या तोंडात लिमलेट. पहिला नंबर एका म्हाताऱ्या गवंड्याचा होता. सगळे त्याला मामा म्हणत. त्याने तोंड उघडण्याआधी तिच्याकडे रोखून पाहिले.

"कोण आजारी ते मुकादमाला कळू नये, एवढंच ना?" तो म्हणाला. "मग असं हळू काय देताय? त्याला दिसेल असं द्या."

आणि त्याने असा आ वासला की मागच्यांची हसून मुरकुंडी वळली. कुणी म्हणाले, बाई, आम्हाला दोन-दोन पोरं आहेत, आता कसल्या शाळेत घालताय. हसत-हसत साठ तोंडे उघडली गेली. मुकादम आला, बघत राहिला. साठांतून चौघे कसे निवडणार? शेवटी त्याने दंड बघून माणसे घेतली. लंबू टेम्पोत चढला तेव्हा त्याचा एक गाल फुगलेला होता. औषध गिळल्यावर त्याने लिमलेटही मागून घेतली होती.

असे तेवीस दिवस चालले. मी रोज गेलो. मंदीने त्या माणसांचे सगळे काढून घेतले होते आणि तरी ती एकमेकांचे गुपित तोंडात धरून उभी राहत. हे बघून मला माझ्या फाईलींची लाज वाटू लागली.

चोविसाव्या दिवशी आमचे अधीक्षक आले. सरकारी औषध रस्त्यावर वाटले जाते, अशी मुकादमाने तक्रार केली होती. तक्रारीवर खुलासा मागणारा पहिला कागद सिस्टरने घ्यायचे नाकारले होते, म्हणून आजचा कागद दोन साक्षीदारांसमोर द्यायचा होता. एक साक्षीदार म्हणून मला बोलावले होते. मी तिथे रोज असतो हे त्यांना माहीत नव्हते.

साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्याने हलक्या आवाजात पिशवी मागितली, सरकारी औषध आहे म्हणाला.

"सरकारी होतं," सिस्टर म्हणाली. "तुमच्याच आदेशानं मी ते यांना दिलं. पोचपावत्या तुमच्या टेबलावर आहेत. आता ज्याचा डबा तो मागेल, त्याला देईन."

"सिस्टर, मला वरून आलंय हो."

"वरून नेहमी येतंच, साहेब. एकदा इथनं वर काहीतरी जाऊ द्या."

साहेबाने पिशवीचा नाद सोडला आणि कागद वाचला. सिस्टर त्या दिवसापासून निलंबित. तिने रस्त्यावर रोग्यांना औषध दिले हे पाहिले, असे दोघांनी लिहून सही करायची होती. त्याने पेन माझ्यापुढे धरले. मी ते घेतले आणि तसाच उभा राहिलो. दुसरा कोण, असे त्याने गर्दीला विचारले. साठ माणसे जमिनीकडे बघू लागली. टेम्पो चालू होता आणि मुकादम दाराला टेकून उभा होता.

"मी," लंबू म्हणाला.

तो पुढे आला. सिस्टर त्याच्या आड आली. "नको. उगाच कामाला मुकाल. एकच महिना राहिलाय, तेवढा निभावून न्या."

"बाजूला व्हा, सिस्टर. मी काही चोरी केलेली नाही."

त्याने माझ्या हातातून पेन घेतले. कागदाखाली धरायला काही नव्हते म्हणून साहेबाने स्वतःची फाईल दोन्ही हातांनी आडवी धरली. लंबू एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहू लागला, मुकादमापर्यंत पोचेल असे.

"मला क्षय आहे. पाच महिने झाले, एक उरला. याआधी दोनदा मी औषध सोडलं. या बाईंनी मला इथं रोज गोळी दिली आणि मी त्यांच्यासमोर गिळली. मी सोडणार नाही."

खाली त्याने स्वतःचे नाव लिहिले, वडिलांचे लिहिले, खोलीचा क्रमांकसुद्धा लिहिला. पेन परत माझ्याकडे आले. आता काय लिहू, असा प्रश्न राहिला नव्हता. त्याच्या सहीखाली मी लिहिले की डबे कपाटातून मी काढून दिले, रोज नाक्यावर मी हजर होतो आणि यात मला काही गैर वाटत नाही. साहेबाने ते वाचले आणि फाईल बंद केली.

मुकादमाने माणसे घेतली. लंबूला घेतले नाही. मामाला चढावे लागले, त्याच्या घरी सहा खाणारी तोंडे होती. टेम्पो वळेपर्यंत तो मागे बघत होता. लंबू फुटपाथच्या कडेला बसला आणि सिस्टर त्याच्याशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी सहाला मी नाक्यावर पोचलो तेव्हा लंबू आधीच आला होता. टेम्पो जिथून वळतो तिथे, मुकादमाला सगळ्यात आधी दिसेल असा, खांबाच्या दिव्याखाली उभा होता. कामावर जाणारा माणूस घालत नाही असा धुतलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा त्याच्या अंगात होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. सिस्टर पिशवी घेऊन अजून यायची होती.